कुणानंतर पुसायचं

गरौठ्याला घरी आले की दोन दिवसांत नाना माझ्यासाठी एखादं काम काढून ठेवतात. या खेपेला कीबोर्ड होता. ‘ल’ उमटत नाही, म्हणाले. एकदा दाबला तर काहीच नाही, पुन्हा दाबला तर तीन-तीन. नवा कीबोर्ड फार महाग नाही, हे मी सांगून पाहिलं. पण नानांच्या घरात वस्तू जुनी झाली म्हणून बदलत नाहीत. पुण्यात छापील मराठीत याला कळफलक म्हणतात. इथे तो शब्द आमच्या घराबाहेर कुणाला कळायचा नाही, म्हणून कीबोर्डच म्हणते.

काम अवघड नाही, सावकाशीचं आहे. आधी वायर काढायची. मग मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवायचा, नाहीतर कुठलं बटण कुठे होतं ते शेवटी आठवत नाही. कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा धरून पाठीवर हलके थापट्या मारायच्या. त्यानंतर बटणांच्या टोप्या एकेक करून उचकटायच्या. त्यासाठी चिमटा मिळतो, मी चहाच्या चमच्याचा दांडा वापरला. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांच्या पोटात बहुधा लोखंडी तार असते. ती वाकली तर बटण कायमचं तिरकं बसतं, म्हणून त्यांच्या वाटेला गेले नाही. टोप्या कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणात. खाली उरलेल्या भागावर मात्र पाणी ओतायचं नाही. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून, निथळून, रबरी बुचांच्या मधल्या गल्ल्यांतून फिरवायची. आणि सगळं पुरतं वाळेपर्यंत, निदान एक दिवस, वायर लावायची नाही.

वर्तमानपत्रावर जे पडलं ते मी जरा वेळ बघत बसले. बुंदेलखंडाची धूळ तर होतीच, मे महिन्यात लू सुटते तेव्हा ती बंद खिडकीतूनही आत येते. पांढरे केस. चिवड्यातल्या पोह्याचे तुकडे, करपलेली मोहरी. हळदीने पिवळी झालेली, चिकट, नाव नसलेली एक वस्तू. आणि सुपारी. अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीचे इतके बारीक कपटे, की वाटीभर भरले असते. ‘ल’च्या टोपीखाली त्यातलाच एक आडवा अडकला होता.

बटणांचे माथे मात्र स्वच्छ होते. नुसते स्वच्छ नाहीत, गुळगुळीत. काही अक्षरं पुसट झालेली, देवनागरीचे स्टिकर कडांना झिजलेले. माथा चकचकीत आणि पोटात पंधरा वर्षांचा चिवडा, असं का, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पाहिलेलं होतं.

थोडं मागं जावं लागेल. गरौठा हे झाशी जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. मराठी वाचकाला झाशी म्हटलं की नेवाळकर आणि राणी आठवतात, पण छत्रसालाने बाजीरावाला राज्याचा हिस्सा दिला त्यानंतर या मुलखात मराठी माणसं बरीच पसरली. गोविंदपंत खेर तर इथे राहून ‘बुंदेले’च झाले. शेजारच्या गुरसरायची जहागीर मराठी ब्राह्मण घराण्याकडे होती. आमचे पूर्वज अशाच कुणाच्या तरी दप्तराच्या मागून आले आणि दप्तर गेल्यावरही राहिले. लोक आम्हाला दक्षिणी पंडित म्हणतात. नाना इथल्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि २००९ साली त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. तीन वह्या भरल्या. टंकायला एक मुलगा येऊ लागला. त्यांचाच विद्यार्थी, अहिरवार वस्तीतला, तहसिलीसमोरच्या दुकानात टायपिंग शिकलेला. पानाला दहा रुपये.

त्याला मराठी येत नव्हतं. अक्षराला अक्षर बघून तो टंकायचा आणि चुका फार कमी करायचा. ‘ळ’ त्याने पहिल्यांदा आमच्याकडे पाहिला. इनस्क्रिप्टमध्ये तो ‘ल’च्याच बटणावर असतो, शिफ्ट दाबून येतो. तो त्याला ‘टेढ़ा ल’ म्हणायचा आणि “जिज्जी, यहाँ टेढ़ा है कि सीधा?” असं मला विचारायचा. आमच्या अकरा पिढ्यांची नावं, गोत्रासकट, त्याच्या बोटांखालून गेली.

तो गेला की नाना स्वयंपाकघराच्या दारामागचं फडकं ओलं करून, पिळून आणत आणि बटणांवरून फिरवत. मग टेबलाची कड. तो बसायचा ते स्टूल पुसलं जात नसे, कारण ते त्याचंच ठरून गेलं होतं, दुसरं कुणी त्यावर बसत नव्हतं. कुणी काही बोलत नसे. एकदा तो पेनड्राइव्ह विसरला म्हणून दारातून परत आला. फडकं नानांच्या हातात होतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मास्साब, धूल बहुत हो जाती है।”

नाना म्हणाले, “हाँ।”

मी आतल्या दारात उभी होते. मला हायसं वाटलं, हे इथे लिहायला हवं. निमित्त त्याने स्वतःच काढून दिलं होतं आणि आम्ही दोघांनी ते घेतलं.

मला हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याच घरात महिन्याचे चार दिवस मी लोणच्याच्या बरणीला हात लावत नव्हते आणि त्यावर आईशी भांडत होते. पण मला पाचव्या दिवशी न्हाऊन आत येता येत होतं. त्याला किती आंघोळी केल्या असत्या तरी तशी सोय नव्हती.

महाडचं चवदार तळं शाळेत शिकलेलं असतं, पण त्यातला एक तपशील मला या कीबोर्डपुढे बसल्यावर नव्याने दिसला. तळं नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुलं केलं होतं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं तिथलं पाणी प्याली. नंतर गावातल्या सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं: दही, दूध, शेण, गोमूत्र कालवलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. म्हणजे पिण्याच्या पाण्यात शेण घालून ते त्यांच्या मते पिण्याजोगं झालं. त्या आधी त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, त्यांच्यासाठी कुणी घागर भरली नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. घागरी मोजता येतात, तळं सार्वजनिक असतं, म्हणून कोर्टात जाता आलं. घरातल्या टेबलावरचं ओलं फडकं संविधानाच्या सतराव्या कलमापुढे कसं उभं करणार? त्याच्याजवळ धुळीचं उत्तर तयार असतं, आणि गरौठ्यात धूळ खरोखरच असते.

मी नानांच्या बाजूने बराच विचार करून पाहिला. तीस-पस्तीस वर्षं खडू हाताळलेला माणूस, पुसायची सवय हातात बसलेली. हेतू कुणाच्या डोक्यात शिरून बघता येत नाही, हेही खरं. पण वर्तमानपत्रावर पडलेल्या सुपारीचं काय करू? ग्वाल्हेरचा आतेभाऊ याच कीबोर्डवर चिवडा खात पत्त्यांचा खेळ खेळायचा, त्याच्यानंतर फडकं आलेलं मला आठवत नाही. ज्याला मळाची चिंता असते तो मळाकडे बघतो. तो कधीतरी बटण उचकटून पाहतो. इथे पंधरा वर्षांत कुणी एक टोपी उचलली नव्हती. जो मळ साठला तो आमचाच होता, आणि यंत्र बंद पाडलं ते आमच्याच सुपारीने.

आता तो मुलगा मुलगा राहिलेला नाही. तहसिलीसमोर त्याचं स्वतःचं जनसेवा केंद्र आहे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, अंगठा यंत्रावर टेकवून. परवा मी नानांना तिथेच घेऊन गेले. खडूने आणि वयाने नानांच्या बोटांच्या रेषा गेल्या आहेत, यंत्र ओळखत नाही. दोनदा नापास झाल्यावर तो म्हणाला, “मास्साब, तनक अँगूठा पोंछ लो।” आणि खिशातून मऊ कापड काढून त्याने यंत्राची काच पुसली.

मी दचकले. तीच हालचाल होती: वाकणं, दोन फेरे, कापडाची घडी. मग मी बाकावर बसून मुद्दाम पाहत राहिले. शेणाने हात भरलेली एक म्हातारी आली तिच्या वेळी त्याने काच पुसली. एक ठाकूर आले, त्यांचा अंगठा पहिल्याच वेळी उमटला, तेव्हा पुसली नाही. तो माणसाकडे बघतच नव्हता, काचेकडे आणि पडद्याकडे बघत होता. नानांचा अंगठा तिसऱ्यांदाही लागेना तेव्हा त्याने तो स्वतःच्या दोन बोटांत धरला, काचेवर टेकवला आणि दाबून ठेवला. बराच वेळ. नानांनी हात मागे घेतला नाही. दाखला निघाला.

घरी आल्यावर नानांनी हात धुतले. पण बाहेरून आल्यावर आमच्याकडे सगळेच हात धुतात, मीही धुतले.

टोप्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळल्या. धुताना पाणी आधी करडं, मग पिवळट झालं. त्यात नानांचं किती, माझं किती, त्याचं किती, हे वेगळं करणारं साबणात काही नसतं. फोटो बघून मी बटणं बसवली. ‘ल’ बसवताना टोपी उजेडात धरून पाहिली. स्टिकर झिजलेलं होतं, पण ती झीज ‘ल’ने झाली की ‘ळ’ने, ते बटणावरून सांगता येत नाही. वायर लावली, दोन्ही टंकून बघितले. उमटले.

नाना मागे येऊन उभे राहिले होते. “छान झालं,” म्हणाले. “आता आठ दिवस तरी कुणाला हात लावू देऊ नकोस.”

“कुणाला म्हणजे?” मी विचारलं.

ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले, पानाचा डबा उघडला आणि अडकित्ता हातात घेतला. मी कीबोर्ड उचलून जरा पलीकडे ठेवला.