धृपद मंडळीच्या हाती

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले १३६ वे स्तोत्र नुसते वाचले तर कंटाळवाणे वाटते. २६ वचने, आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाच्या अक्षय दयेचे तेच पालुपद. पण ते एकट्याने वाचायचे नाहीच. एकाने वचन म्हणायचे आणि साऱ्यांनी पालुपद उचलायचे, अशी त्याची घडण आहे. बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी धृपद धरावे, हे पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

या पालुपदाची ताकद इ.स. ३५६ मध्ये आलेक्झांड्रियात दिसली. रात्रीच्या उपासनेत शिपायांनी चर्चला वेढा घातला. बिशप अथानासियस यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, ते आसनावर बसून राहिले, डीकनला स्तोत्र म्हणायला लावले आणि लोकांना हेच पालुपद. घाबरलेल्या माणसांना लांबलचक गीत आठवत नाही, पण एक ओळ आठवते. तीस वर्षांनी मिलानमध्ये, राजदरबाराशी झगडा चालू असताना, बिशप अंब्रोस यांच्या मंडळीने जागरणात स्तोत्रे गायली. ही रीत पूर्वेकडच्या मंडळ्यांकडून घेतली होती, अशी ऑगस्टीन यांची नोंद आहे. परके संगीत चर्चमध्ये कशाला, असे विचारणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. पाश्चात्त्य चर्चचे स्तोत्रगायनही उसन्या रीतीवर उभे राहिले.

पुढे गाणे हळूहळू गायकवृंदाकडे गेले आणि मंडळी श्रोता झाली. धर्मसुधारणेने ते लोकांना परत दिले. १५६२ मध्ये जिनिव्हात सगळी १५० स्तोत्रे फ्रेंच पद्यात, चालींसह छापली गेली. पण या कडवेबद्ध रचनेत पालुपदाला फारशी जागा उरली नाही. सगळे गीत सगळ्यांनी गायचे, म्हणजे प्रत्येकाला अक्षरओळख हवी आणि हातात पुस्तक हवे.

हीच परंपरा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी पंजाबात आणली. उपासनेत स्तोत्रांखेरीज काही गायचे नाही, हा त्यांचा कटाक्ष. पाश्चात्त्य चाली मात्र खेड्यांत रुजेनात. तेव्हा सियालकोटचे पाळक आणि कवी इमामुद्दीन शहबाज यांनी स्तोत्रे पंजाबी पद्यात आणली. चालींसाठी राधाकिशन या हिंदू संगीतकाराची मदत झाली. १९०८ मध्ये पूर्ण झालेल्या या पंजाबी ‘जबूर’मध्ये १५० स्तोत्रांचे ४०० हून अधिक भाग आहेत. चाली देशी आहेत आणि गाताना धृपद पुन्हा पुन्हा येते. यहुदी कविता, अमेरिकन मिशन, हिंदू संगीतकार, पंजाबी खेडे यांचा असा संगम मला दुसरीकडे दिसत नाही. वाचता न येणाऱ्या माणसांना स्तोत्रे तोंडपाठ झाली. आज पाकिस्तानात, भारतीय पंजाबात आणि इंग्लंड-कॅनडात गेलेल्या पंजाबी ख्रिस्ती घरांतही जबूर गातात.

युरोपला हे शहाणपण उशिरा सुचले. फ्रान्समध्ये संगीतकार जोसेफ जेलिनो यांनी १९५० च्या दशकात स्तोत्रांना पालुपदे जोडली, आणि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशन-प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत मानाचे स्थान द्यायला सांगितले. फ्रान्समधल्या तेझे या ख्रिस्ती समुदायात अनेक भाषांची तरुण मंडळी जमू लागली, तेव्हा संगीतकार जाक बर्तिए यांनी त्यांच्यासाठी छोटी, फिरून फिरून म्हणायची गीते बांधली.

महाराष्ट्रात परक्या चालींचा हा प्रश्न कवी नारायण वामन टिळकांनी आधीच ओळखला होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि भजन सोडले नाही, उलट त्यांतूनच ख्रिस्त गायला. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात देशी चालींची भजने आणि पाश्चात्त्य चालींची गीते आजही शेजारी शेजारी आहेत.

आता मात्र आपण थांबलो आहोत. सणाला एखादे आफ्रिकन गीत बसवायचे, मंडळीने टाळ्या वाजवायच्या, याला मी देवघेव मानत नाही. ज्या गाण्यात मंडळीचा आवाज नाही ते पाहुणेच राहते. ते कोणाचे, कोणत्या दुःखातून किंवा आनंदातून आले, हे न सांगता ते गाणे हा तर त्या लोकांवर अन्याय आहे.

मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांत मराठीच्या जोडीला तमिळ, मल्याळी, पंजाबी माणसे बसतात. येत्या रविवारी एखाद्या जबूराचे धृपद पंजाबीतच शिकवा आणि कडवी मराठीत म्हणा. मंडळीत पंजाबी भाऊ-बहीण असेल तर शिकवायला त्यांनाच पुढे बोलवा, आणि इमामुद्दीन शहबाज व राधाकिशन यांची नावे गाण्याआधी आवर्जून सांगा.