मौनाची जामीनकी

दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, हे सर्वांस ठाऊक असते. त्याच दिवसाला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, हे मात्र आपण पाहुण्यांसमोर फारसे सांगत नाही. त्या दिवशी शंकर आणि पार्वती सारीपाट खेळले व पार्वती जिंकली, अशी कथा आहे. आणि त्या कथेच्या आधाराने कित्येक सोवळ्या घरांतूनही पाडव्याला कवड्या बाहेर निघत. भोकरदनला आमच्या घरीही निघत. आजीचे नियम ठरलेले होते. डाव चिंचोक्यांचा, आणि दिवेलागणीला तो बंद. तिसरा एक नियम होता, त्याचे मर्म मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. खेळ रंगात आला की मी शेजारच्या पोरांना हाका मारायला धावे. आजी मला सदऱ्याला धरून खाली बसवी. म्हणे, "जो आला त्याला बसू दे. तू बोलवायला जाऊ नको. तू बोलावलंस, तर हरलेल्याची आई माझ्या दारात यील."

यंदा तशी एक आई माझ्या दारात आली.

तिची हकिगत सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मी निवृत्त शिक्षक. तालुक्यातल्या काही तरुणांनी आभासी चलनाचा अभ्यास करण्यासाठी मोबाइलवर एक गट केला आहे, आणि कोणी वडीलधारे माणूस असावे म्हणून त्यात मलाही ओढून घेतले. पोरे हुशार. बिटकॉइन म्हणजे काय, हे त्यांनीच मला समजावून दिले. सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी २००८ साली एक टिपण प्रसिद्ध केले. वाण्याची वही एकट्या वाण्याकडे असते, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तीच वही हजारो जणांकडे ठेवली आणि सर्वांच्या नोंदी जुळल्याखेरीज व्यवहार पक्का धरला नाही, तर कोणा एकावर विसंबण्याचे कारण उरत नाही. नाणी किती निघायची, तेही आधीच ठरलेले : दोन कोटी दहा लाखांहून अधिक नाही. मला ही कल्पना खरोखरच सुंदर वाटली, अजूनही वाटते.

पण हळूहळू त्या गटात निराळेच संदेश येऊ लागले. कोणी क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावण्याचे आवाहन करी. कोणी सांगे, अमुक नाण्यात रक्कम गुंतवा, दरमहा दहा टक्के हमखास. माझी एक वाईट सवय आहे. सणाच्या शुभेच्छा असोत, कोणाच्या निधनाची वार्ता असो, मी प्रत्येक संदेशाखाली हात जोडल्याची खूण उमटवतो. म्हाताऱ्याची सभ्यता, दुसरे काय!

ती बाई ओट्यावर बसली. तिचा मुलगा माझा विद्यार्थी. कपाशीचे आलेले साठ हजार रुपये त्याने एका नाण्यात घातले होते आणि नाणे गुंडाळून माणसे पसार झाली होती. बाई रडली नाही, भांडलीही नाही. तिने एवढेच विचारले, "गुरुजी, पोरगं म्हनत होतं, त्याच्याखाली तुमी हात जोडले व्हते. खरं का?"

खरे होते.

त्या रविवारी माझ्याच ओसरीवर पोरांची बैठक बसली. असले संदेश गटात येऊ द्यावेत की नाही, हा प्रश्न. वाटते तितका तो सोपा नाही. एक तरुण म्हणाला, "गुरुजी, इथे सगळे सज्ञान आहेत. ज्याने त्याने आपले हित पाहावे. आणि लबाडी कोणती, हे ठरवणार कोण? पंधरा वर्षांपूर्वी लोक बिटकॉइनलाही लबाडीच म्हणत होते. आज तुम्ही एकाला गप्प कराल, उद्या तुम्हाला न पटणाऱ्या कोणालाही कराल." त्याच्या बोलण्यात तथ्य होते. नव्या गोष्टीला गावाने आधी हसावे आणि मग तिच्या दाराशी रांग लावावी, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. शिवाय दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवणाऱ्याला त्या अधिकाराची चटक लागते, हेही खोटे नाही.

तरी माझे मन मानेना. खेळणे आणि खेळायला बोलावणे यांत फरक आहे, ही आजीची गोष्ट आपल्या कायद्यालाही जुनीच ठाऊक आहे. १८८७ सालच्या मुंबईच्या जुगारविरोधी कायद्यात, जुगाराला साह्य व्हावे या हेतूने वार्ता छापणाऱ्याला वा वाटणाऱ्यालाही पकडण्याचे कलम आहे. १९५०च्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे वेड पसरले होते. चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला, की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण द्यावे असा व्यापार नव्हे. ती कोडी घरोघर पोचत होती वर्तमानपत्रांतून. म्हणजे हा प्रश्न छापील पानालाही चुकलेला नाही. दिवाळी अंकाने त्याकडे परका म्हणून पाहू नये. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, त्यातही खेळ चालवणाऱ्याबरोबर जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायद्याचे राहू द्या. आपला प्रश्न नीतीचा आहे. जुगार आणि फसवणूक यांतही भेद केला पाहिजे. मटका घ्या. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत, त्यातून तो निघाला. पुढे आकडे मडक्यातून काढू लागले. कापूस पिकवणाऱ्याला त्यातून काही मिळाले नाही, हा भाग निराळा. पण मटका खेळणाऱ्याला आपण जुगार खेळतो आहोत, एवढे तरी कळत असे. महिना दहा टक्क्यांच्या संदेशात तेवढाही प्रामाणिकपणा नसतो. 'गेनबिटकॉइन'चे प्रकरण पाहा. दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असे ते आश्वासन होते. म्हणजे शंभराचे एकशेऐंशी, आणि तेही बिटकॉइनमध्ये. पुढे लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी त्याच मंडळींनी काढलेले दुसरे नाणे पडले. पुण्यात गुन्हे दाखल झाले, मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ साली अटक झाली, २०२२ साली तो वारला. तपास नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. माणसाने माणूस आणावा आणि त्याबद्दल दलाली घ्यावी, अशी ती साखळी होती. अशा योजनेत जुन्याला द्यायचे पैसे नव्याच्या खिशातून येतात. जुगाराचा अड्डा कोणी हाक न मारताही चालू शकतो. असली योजना हाका थांबल्या की त्याच महिन्यात कोसळते. तिथे आमंत्रण हाच सगळा धंदा असतो.

म्हणून "आम्ही फक्त जागा दिली, बोलणारा दुसराच होता" हे उत्तर मला अपुरे वाटते. ज्या चलनाची थोरवीच अशी, की कोणावर विश्वास ठेवावा लागू नये, त्या चलनाकडे माणसे कशी येतात? मित्राने सांगितले म्हणून, भाच्याने सांगितले म्हणून, गटात गुरुजी आहेत म्हणून! वही कितीही चोख असो, तिच्यापर्यंत जाणारी वाट माणसांवरच्या विश्वासाचीच आहे. हा विश्वास गटाने वर्षानुवर्षे एकमेकांच्या शंका फेडून कमावलेला असतो, आणि दोन ओळींचा संदेश टाकणारा अनोळखी मनुष्य तो फुकट वापरतो. आपण गप्प राहिलो, की त्याला आयता जामीन मिळतो.

आपण द्यूतसभेची कथा सांगताना भीष्म-द्रोणांच्या मौनाला दोष देतो. माझ्या मनात मात्र हल्ली विदुर येतो. हा खेळ कुलाचा नाश करील, हे तो जाणत होता. धृतराष्ट्राला त्याने तसे स्पष्ट सांगितलेही. आणि तरी युधिष्ठिराला खेळायला बोलवायला तोच गेला, कारण त्याला धाडले गेले. शकुनी स्वतः निमंत्रण घेऊन गेला असता, तर युधिष्ठिराने कदाचित दहादा विचार केला असता. भला माणूस दारात आला, की सावधपणा ढिला पडतो. प्रत्येक शकुनीला एक विदुर हवा असतो. आमच्या गटात तो मी झालो, आणि मला तर कोणी धाडलेही नव्हते.

बैठकीत शेवटी आम्ही असे ठरवले. जुगाराविषयी, नाण्यांविषयी, लबाडीविषयी कितीही चर्चा करावी. तिला बंदी नाही. उलट, फसलेल्याने आपली हकिगत अवश्य सांगावी. पण पैसे लावा, पैसे घाला, अशी हाक गटात मारायची नाही. नव्या नाण्याविषयी बोलायचे, तर स्वतःचे नाव सांगावे, त्यात आपला लाभ काय तेही सांगावे, आणि हमखास हा शब्द आला की तो संदेश काढावा. काढणाऱ्याने कारण सर्वांसमक्ष द्यावे. म्हणजे त्या तरुणाला जी भीती वाटत होती, तिलाही काही उत्तर राहील. तो पुरता पटला नाही. पण नियम लिहून काढण्याचे काम त्यानेच केले.

आमचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथली माणसे व्यापारउदीम करीत दूरवर जात. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना ज्यांनी दाने दिली, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत; दगडात त्यांची नावे आणि गावाचे नाव कोरलेले आजही वाचता येते. हे मी वर्गात कित्येक वर्षे अभिमानाने शिकवले. तो दहा टक्क्यांचा संदेश मी परवा पुन्हा काढून पाहिला. त्यावर कोणाचेच नाव नव्हते. ओळखीचे असे एकच नाव त्याखाली होते, जोडलेल्या हातांशेजारी, आणि ते माझे.

त्या मुलाचे पैसे परत येतील, असे मला वाटत नाही. तक्रार नोंदवायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो, पुढेही जाईन. या पाडव्याला नातवंडांसाठी मी कवड्या काढणार आहे. चिंचोके जमवून ठेवले आहेत. आजीचे तिन्ही नियम त्यांना सांगेन, आणि तिसरा नियम कसा मोडला, तेही सांगेन.