चौकटीतला पाऊस

पावसाळ्यात रोज सकाळी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांतल्या महसूल मंडळांचा पाऊस तक्त्यात मांडला जातो आणि मेलला जोडून, मोबाइलवरून पुढे जातो. पुष्कळदा तो तक्ता चित्र होऊनच आपल्यापर्यंत येतो. एक्सेलमधले रकाने निवडायचे, ‘कॉपी ॲज पिक्चर’ घ्यायचं, मेलमध्ये चिकटवायचं. काम झालं.

यामागची कारणं खरी आहेत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वाचताच येत नाही. चित्रात मात्र ‘आखाडा बाळापूर’ हे आखाडा बाळापूरच राहतं. फोनवर फाइल उघडेलच असं नाही, चित्र उघडतं. ज्याचं सोयाबीन पाण्यात उभं आहे त्याला आपल्या मंडळाचा आकडा एका नजरेत दिसायलाच हवा.

पण रकान्यात दिसणारा आकडा आणि रकान्यात असलेला आकडा वेगळे असू शकतात. दशांश झाकले की ६५.४ चे ६५ दिसतात. फाइलमध्ये त्या रकान्यावर क्लिक केलं की खरा आकडा वरच्या पट्टीत दिसतो. चित्रात ती वाट बंद. आणि आपल्याकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. झाकलेल्या त्या दशांशावर पंचनाम्याची वाट पाहणाऱ्या घराची आशा टिकून असते. इतका महत्त्वाचा आकडा असा अर्धवट पाठवणं मला पटत नाही.

चित्रात सूत्रही येत नाही. तालुक्याची सरासरी कशी काढली, एखादं मंडळ गळालं का, हे तपासता येत नाही. मग पुढच्या टेबलावर कुणीतरी सगळे आकडे पुन्हा टाइप करतं आणि २३.६ चे २६.३ होतात. ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरच्या आवाजावर काम करतात, त्यांच्यासाठी तर अख्खा तक्ता मुका.

म्हणून चित्र जरूर पाठवावं, पण त्याच मेलला मूळ फाइलही जोडावी. दशांश उघडे ठेवावेत. तारीख आणि वेळ चित्राच्या आतच लिहावी, कारण पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, आणि चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मेलचा मजकूर मागेच राहतो. हळदीच्या भावाच्या तक्त्यालाही हेच लागू. तारीख नसलेला जुना भाव पाहून कुणी टेम्पो भरून वसमतच्या मोंढ्याकडे निघालं, तर भाड्याचे पैसे त्याच्याच खिशातून जातात.