दांत असून न चावणें

कुत्र्याच्या लहान पिलानें खेळतां खेळतां मुलाचा हात चावला, तर दोष कोणाचा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु शिरूर व दौंड ह्या तालुक्यांतील मळ्यांतून व वस्त्यांतून जो हिंडला असेल, त्यास ठाऊक आहे कीं, रात्रीं उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास व माळावर मेंढरें बसविणाऱ्या धनगरास कुत्रा हा चैनीचा विषय नव्हे, तर घरचा राखणदार होय. हा राखणदार लहानपणीं काय शिकतो, ह्यावर घरांतील लेंकरांची सुरक्षितता व त्या मुक्या प्राण्याचें पुढील सर्व आयुष्य अवलंबून असतें. म्हणून वाचकांनीं ह्या गोष्टीचा आमच्याबरोबर थोडा विचार करावा.

प्रथम हें पाहूं कीं, पिलूं चावतें कां. जन्मल्यावर सुमारें तीन आठवड्यांनीं त्यास दुधाचे दांत फुटूं लागतात. ते सुईसारखे अणकुचीदार असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे दांत येतात, व त्या काळांत हिरड्या शिवशिवत असल्यामुळें जें समोर येईल तें तें चावूं पाहतें. मनुष्याचें मूल जशी प्रत्येक वस्तु हातानें चाचपून पाहतें, तशी पिलूं ती तोंडानें पाहतें. कारण त्यास हात नाहींत. तेव्हां त्याच्या चावण्यांत द्वेष नाहीं, आणि जेथें द्वेष नाहीं तेथें अपराध म्हणतां येत नाहीं. परंतु अपराध नसला तरी इजा ही होतेच. मग जो निरपराध आहे त्यास इजेपासून परावृत्त कसें करावें, हाच येथील खरा नीतीचा प्रश्न आहे.

ह्या विद्येची पहिली शाळा आईच्या कुशींत भरते. भावंडें एकमेकांशीं झोंबतात, कान ओढतात, पाय धरतात. त्यांतील एकानें फार जोरानें चावलें कीं दुसरें केकाटतें व खेळ सोडून निघून जातें. चावणारें एकटें राहतें. असें वारंवार घडलें म्हणजे त्यास कळतें कीं, दांत हळू लावले तर सोबती टिकतो, नाहीं तर जातो. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर ह्या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें कुत्र्यांचें निरीक्षण करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस हे पिलाचा सोबत्यांशीं व माणसांशीं संबंध जुळण्याचे विशेष महत्त्वाचे दिवस होत, असें त्यांनीं दाखविलें. ह्यास्तव डोळे उघडतांच जो पिलूं आईपासून उचलून आणतो, तो त्यास शाळेंतून अर्ध्यावरच काढतो. निदान आठ आठवडे तरी त्यास आईजवळ राहूं द्यावें.

पुढें हेंच शिक्षण घरच्या माणसांनीं चालवावें. दांत जोरानें लागले तर हात हिसकावूं नये. कारण हिसकावलेला हात म्हणजे पिलास खेळाचें अधिकच आमंत्रण होय. हात सैल सोडावा, उठून पाठ फिरवावी व अर्धें-एक मिनिट त्याकडे पाहूं नये. मग पुनः जवळ घ्यावें, आणि हाताऐवजीं जुन्या धोतराची घट्ट गांठ चावावयास द्यावी. तें सौम्यपणें खेळलें तर गोंजारावें. पिलूं फार थकलें म्हणजेही अधिक चावतें. तेव्हां त्यास निजूं द्यावें. लहान मुलांना त्याच्यापाशीं एकटें सोडूं नये. मुख्य म्हणजे घरांतील सर्वांनीं एकच नियम पाळावा. आजोबांनीं थांबवावें व नातवानें चिथवावें, असें झालें तर पिलानें कोणाचें खरें मानावें?

परंतु बहुतेक घरीं काय होतें? पिलूं दोन महिन्यांचें असतां धोतराचा सोगा धरून लोंबकळतें, बोटें चावतें, आणि सर्व मंडळी हांसतात. तेंच सहा महिन्यांनीं, मोठ्या दांतांनीं, तोच खेळ खेळूं लागलें म्हणजे काठी बाहेर येते. आणि शेवटीं त्यास पोत्यांत घालून दूरच्या रस्त्यावर सोडून देतात. आम्ही विचारतों, ह्या अवधींत बदललें कोण? पिलानें तर शिकविलें तेंच केलें. ज्या कृत्यास काल हांसून उत्तेजन दिलें, त्याच कृत्यास आज कांहीं न सांगतां शिक्षा करणें ह्यास न्याय म्हणत नाहींत.

कोणी म्हणेल, काठीनें तें लवकर वठणीवर येतें. येतें असें दिसतें खरें. परंतु मार खाल्लेलें पिलूं सौम्यपणा शिकत नाहीं. तें मनुष्याच्या हातास भ्यावयास शिकतें. गुरगुरल्याबद्दल ज्यास मारलें तें पुढें गुरगुरत नाहीं, एकदम चावतें. म्हणजे धन्यानें आपल्याच हातानें इशाऱ्याची घंटा फोडून टाकिली. शिवाय जनावरास मारहाण करून विनाकारण यातना देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, शिरूरच्या उसांत बिबट्या वावरतो, चोराचेंही भय आहे. तेव्हां नरम केलेला कुत्रा काय कामाचा? ह्यास उत्तर असें कीं, खेळांत दांत आवरणें म्हणजे दांत गमावणें नव्हे. जो कुत्रा लेंकराचा हात अलगद तोंडांत धरतो, तोच परका माणूस दिसतांच भुंकून वस्ती जागी करतो. शक्ति आहे, पण ती कोठें वापरावी हें कळतें, असाच राखणदार विश्वासाचा होय.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगणें अवश्य आहे. पिलाचा दांत लागून रक्त निघालें किंवा नुसतें खरचटलें, तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना किंवा तिखट लावूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. १८८५ सालीं पाश्चर ह्यांनीं नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर ह्यास प्रथम ती लस टोंचली, तेव्हांपासून ह्या मरणावर उपाय आहे. परंतु रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य क्वचितच वांचतो. पिलासही तीन महिन्यांचें झाल्यावर लस द्यावी.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. दोष पिलाचा नाहीं. ज्यास अधिक कळतें त्याजवर शिकविण्याचा भार अधिक. आणि हा नियम अंगणापुरताच नाहीं. ज्या घरीं मुलाच्या पहिल्या शिवीस कौतुकानें हांसतात, त्या घरीं दहाव्या वर्षीं त्याच शिवीसाठीं थोबाडींत बसते. तसेंच, जो भयानें गप्प बसतो तो सौम्य नव्हे. धनी नजरेआड होतांच त्याचें खरें रूप दिसतें. बळ असून, रागास कारण असून, समोरच्याचें दुखणें ओळखून जो आपला हात व आपली जीभ आवरतो, तोच सौम्य होय. ही विद्या मारानें येत नाहीं. ती रोज थोडी थोडी, एकाच नियमानें व पुष्कळ धीरानें शिकवावी लागते. आणि शिकविणाऱ्यानें ती आधीं स्वतः शिकलेली असावी लागते.