डोई धुण्यातला धर्म

शिकेकाईच्या मूठभर शेंगा, पाच-सहा रिठे आणि थोडी आवळकाठी रात्री पाण्यात भिजत घालायची. सकाळी मंद आचेवर उकळी आणायची, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळायचं, आणि त्या तपकिरी पाण्याने न्हायचं. शाम्पूसारखा भरघोस फेस येत नाही, पण काम होतं. शिकेकाई आणि रिठ्यातलं सॅपोनिन तेल आणि धूळ सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतं. जास्वंदीची पानं चुरली की निघणारा बुळबुळीत रस केसांना लावला, तर गुंता सुटायला सोपं जातं. पाणी कोमटच का, याचंही उत्तर जुनं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात म्हटलं आहे, की ऊन पाणी अंगावर घेतलं तर बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना बाधतं.

इतक्या घरगुती गोष्टीत धर्म कुठून आला? तो आधीपासूनच होता. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान, पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, अमुक वारी न्हायचं नाही ही आजीची ताकीद. बाईने डोकं कधी धुवायचं, हे बहुतेक वेळा पंचांग आणि घरातली वडीलधारी माणसं ठरवत. पण वारांच्या हिशेबाखाली एक मोठा प्रश्न आहे. देहाची निगा राखणं हा परमार्थातला अडसर, की त्याचाच एक भाग?

या प्रश्नाला भारतीय धर्मपरंपरांनी अगदी उलटी उत्तरं दिली आहेत.

दिगंबर जैन मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे आणि केशलोचही. दोन ते चार महिन्यांनी मुनी डोक्यावरचे आणि दाढीमिशीचे केस स्वतःच्या हातांनी उपटतात. पाण्यातल्या जीवांची हिंसा टाळायची आणि देहाची आसक्ती मुळापासून सोडायची, हा त्यामागचा विचार. याच्या नेमकं दुसऱ्या टोकाला शीख परंपरा आहे. 1699 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथ स्थापला. खालशाच्या पाच ककारांत, म्हणजे 'क'ने सुरू होणाऱ्या पाच धर्मचिन्हांत, केस आहेत आणि त्यांच्या जोडीला कंगवाही. केस देवाने दिले म्हणून कापायचे नाहीत, पण म्हणून त्यांच्या जटाही होऊ द्यायच्या नाहीत. रोज विंचरून नीट बांधायचे. नांदेडला, जिथे 1708 मध्ये गुरूंनी देह ठेवला, त्या हुजूर साहिबच्या परिसरात ही शिस्त आजही दिसते.

एक केस उपटतो, दुसरा जपतो. तरी दोघांत एक साम्य आहे. दीक्षा घेणारा मुनी आणि अमृत छकून खालशात येणारा शीख, दोघांनीही ते व्रत स्वतः मागून घ्यावं अशी अपेक्षा असते. बालदीक्षेवर खुद्द जैन समाजातही वाद होतो, तो याच मुद्द्यावर.

वारकऱ्यांनी तिसरी वाट काढली. संत नामदेवांच्या घरची दासी जनाबाई, मूळची गंगाखेडची. तिच्या नावावरच्या अभंगांत जनी तुळशीच्या बनात वेणी उकलते आणि देव तिच्या डोक्याला लोणी चोळतो, तिला कुणी नाही म्हणून स्वतः पाणी घालतो. डोक्यातल्या उवांचीही त्या अभंगांना लाज वाटत नाही. इथे देहाचा तिटकारा नाही आणि शृंगारही नाही. दिवसभर दळणकांडण करणाऱ्या बाईचं डोकं धुऊन द्यायला माणूस हवं, एवढी साधी गरज आहे, आणि ती भागवणं देवाला कमीपणाचं वाटत नाही. देहाच्या निगेला परमार्थात एवढं वरचं स्थान फार थोड्या ठिकाणी मिळालं असेल.

ज्या समाजाने हे अभंग गायले, त्याच समाजाने विधवांचं केशवपन केलं. 1890 च्या सुमारास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. मुनीचा लोच आणि विधवेचं वपन, दोन्हींत डोकं बोडकंच होतं. पण एकाने केसांचा त्याग केलेला असतो आणि दुसरीकडून ते हिरावून घेतलेले असतात.

जटेचंही तसंच. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत की तेल, घाम आणि धूळ मिळून गुंता होतो आणि तो घट्ट बसतो. मग कुणीतरी सांगतं, देवी अंगावर आली, यल्लम्माने बोलावलं. त्यानंतर कंगवा बंद होतो, कधी शिकेकाईही बंद होते आणि जट वाढत जाते. अशा जटांपायी कितीतरी मुलींना देवदासी म्हणून सोडलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांची समजूत घालून जटा कापून देतात.

यावर एक आक्षेप येतो. ती बाई स्वतःच म्हणते ना, की मला जट ठेवायची आहे? मग मुनीचं व्रत मान्य आणि तिची श्रद्धा अमान्य, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे. पण तिला पुढचा प्रश्न विचारून पाहावा: उद्या कापली तर काय होईल? उत्तरात घरावरचा कोप, पोराचं आजारपण, नवऱ्याचा मृत्यू आला, तर ती भीती आहे. भीतीने सांभाळलेल्या गोष्टीला व्रत म्हणता येत नाही.

म्हणून केस धुणं धार्मिक की न धुणं, या वादात फारसा अर्थ नाही. डोकं ज्याचं, निर्णय त्याचा, ही कसोटी दोन्हीकडे लावावी. जुनी, घट्ट झालेली जट शिकेकाईने सुटत नाही, ती कात्रीनेच काढावी लागते. शिकेकाई उपयोगी पडते ती नंतर, नव्याने येणाऱ्या केसांसाठी. ओळखीत कुणाच्या डोक्यावर जट असेल, तर तिच्या पाया पडण्याआधी तिची मान दुखते का, रात्री झोप लागते का, एवढं जरूर विचारा.