रजा आणि खाडा

कामावर न जाण्याला आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. महाविद्यालयातील अध्यापक किंवा कचेरीतील कारकून कामावर गेला नाही, तर त्याने रजा घेतली असे आपण म्हणतो. घरी भांडी घासणारी बाई आली नाही, तर तिने खाडा केला असे म्हणतो. गैरहजेरी एकच, परंतु पहिल्या शब्दात अधिकार आहे आणि दुसऱ्यात अपराध. रजेचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. हा भेद न्याय्य आहे काय, हा प्रश्न जुळे सोलापुरासारख्या नोकरदारांच्या वसाहतीत राहणाऱ्या आम्हां मंडळींनी एकदा स्वतःस विचारावयास हवा.

कोणी म्हणेल, जे काम केलेच नाही त्याचे दाम मागणे हाच अन्याय होय. हा आक्षेप वरवरचा नव्हे. देवाणघेवाणीच्या व्यवहारात माल न देता पैसा घेणे हे लबाडीचेच लक्षण मानले जाते. तथापि उन्हाळ्याच्या सुटीत वर्गात एक अक्षरही न शिकविता आम्ही अध्यापक पगार घेतो आणि त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. ह्याचे कारण उघड आहे. आमचा पगार तासिकांची किंमत नसून आमच्या बाराही महिन्यांच्या निर्वाहाची तरतूद आहे, असे समाजाने मनोमन मान्य केले आहे. सुटीत पोट थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही. मग हेच तत्त्व भांडी घासणारीच्या बाबतीत कोठे अडते? तिचे पोट तरी रविवारी थांबते काय?

इतिहास पाहिला तर सुटी आणि सुटीचा पगार ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी असल्याचे दिसते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा ती सुटी आमच्या धर्मालाही धरून आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता असे सांगतात. इंग्रजांच्या रविवाराला आपल्या खंडोबाचा आधार देण्याची ही हुशारी आम्हांस फार आवडते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली. पण त्या दिवसाचे दाम कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. भरपगारी रजा कारखान्याच्या कायद्यात शिरली ती १९४५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळीत असताना. पुढे १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा ठरविली. म्हणजे थांबण्याची मोकळीक आणि थांबूनही जेवण्याची मोकळीक, ह्यांच्यामध्ये पंचावन्न वर्षे गेली.

आमच्या सोलापुरात ह्या कायद्याला शिरावयास एक दरवाजा होता, तो म्हणजे गिरणीचा. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे जितक्या गिरण्या झाल्या, त्यांच्या भोंग्याने कामाचे तास शहरभर जाहीर होत. भोंगा वाजल्यावर किती तास झाले हे मोजण्यास निरीक्षकाची गरज नव्हती. त्या गिरण्या बंद पडल्या, आणि काम यंत्रमागांच्या शेडमध्ये व विडी वळणाऱ्या बायकांच्या ओसरीत गेले. तेथे मोजतात ते तास नव्हे, नग. पान-तंबाखू घरी आणावयाची, वळावयाची, आणि हजारावर दाम घ्यावयाचे. पहाटे चारला बसा की रात्री अकराला, घड्याळाला त्याचे सोयरसुतक नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने ह्या घरी बसणाऱ्या बाईलाही कामगार मानले, हे त्याचे मोठेपण; पण दिवसाच्या नऊ तासांची मर्यादा त्याने घातली ती कारखान्याच्या आवारापुरती. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत विलीन झाला आहे. ओसरीतल्या घड्याळाचा प्रश्न मात्र जुनाच आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यात नंदीध्वजाच्या मिरवणुकीस ही बाई गेली, तर पाळण्याचे पैसे ती एकदा देते आणि न वळलेल्या विड्यांचे दुसऱ्यांदा.

जादा कामाचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. जादा तासाला दुप्पट दाम, असा नियम आहे. हा दर मालकाला जड जावा आणि त्याने माणसाला वेळेवर घरी सोडावे, हा त्यातील हेतू आम्ही समजतो. परंतु जेथे आठ तासांची मजुरी घराला पुरत नाही, तेथे हाच दुप्पट दर कामगाराला आमिष होतो, आणि दंड म्हणून योजलेली रक्कम तो बक्षीस म्हणून मागू लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली, ती कामगाराच्या लेखी संमतीची अट घालून. संमती घेतली हे ठीक. पण आपली विश्रांती विकण्याची संमती माणूस कोणत्या स्थितीत देतो? एकाने ती विकली की शेजारच्या मागावरच्याला नकार देणे कठीण होते. कामाच्या तासांना मर्यादा घालणारा कायदा व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावतो असे म्हणणाऱ्यांनी त्या शेजाऱ्याचाही विचार करावा. नाही म्हणण्याची त्याची शक्ती त्या मर्यादेवरच टिकलेली असते.

असो. विडीच्या कारखानदाराला किंवा मागाच्या मालकाला उपदेश करणे सोपे आहे, कारण ते आम्ही नव्हे. पण ज्यांच्या घरी मोलकरीण येते, ते सारे तिचे मालकच आहेत, आणि त्यांच्या दारी निरीक्षक कधी येत नाही. वीस दिवसांमागे एक, हाच हिशेब तिला लावून पाहावा. वर्षात ती तीनशे चाळीस दिवस आली, तर सतरा दिवसांची रजा होते. म्हणजे अर्ध्या महिन्याच्या पगाराहून थोडे अधिक. दिवाळीला तिला पुरा एक पगार आणि वर साडी देणारी घरे आमच्या वसाहतीत पुष्कळ आहेत. ती घरे सतरा दिवसांहून अधिक देतात, आणि हसतमुखाने देतात. त्यांतल्याच कित्येक घरी, तिचे मूल तापाने पडले म्हणून झालेल्या दोन खाड्यांचे पैसे महिन्याच्या एक तारखेला कापलेले असतात.