येळवस आणि दशमूल्ये

मार्गशीर्ष अमावस्येला दुपारी लातूर शहरात फिरलं तर बाजारपेठेत शुकशुकाट असतो. सगळं गाव शेतात गेलेलं असतं. वेळ अमावस्या, बोलीत येळवस, हा लातूर-धाराशिवचा, लगतच्या नांदेड-बीडचा आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गीचाही सण. प्रशासन स्थानिक सुटी जाहीर करतं, शाळा बंद राहतात. सुटी हवीच. पण दुसऱ्या दिवशी शाळा भरते तेव्हा काल शेतात काय झालं, हे वर्गात कुणी विचारत नाही आणि फळ्यावर पुन्हा ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सणांतून, ऋतूंतून मुलांना घडवायचं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी 1928 साली वृक्षारोपण आणि हलकर्षण, म्हणजे नांगरणी, हे शाळेचे उत्सव केले. पुढे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. मराठवाड्यात त्या काळी निजामी राजवट होती आणि शाळेची भाषा उर्दू होती. अशा दिवसांत हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला, पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षक म्हणून काम केलं. त्या पिढीच्या लेखी चारित्र्य म्हणजे साधी राहणी, अंगमेहनत आणि अन्यायापुढे न झुकणं. शाळा आणि चळवळ यांच्यात भिंत नव्हती, म्हणून मूल्यांचा वेगळा तास लागत नव्हता.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि इथल्या शाळांच्या वर्षात एक नवा दिवस आला. आजही मुक्तिसंग्राम दिनाला मराठवाड्यातल्या शाळांत झेंडा चढतो, भाषणं होतात. पण आठवण पुढच्या पिढीकडे जाताना तिचं दिनविशेष होतं. कोठारी आयोगाने (1964–66) नैतिक व सामाजिक मूल्यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला, 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने तो पुन्हा धरला, आणि पुढे महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षणाची दशमूल्ये आली: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. यादी चांगलीच आहे, तिच्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. परिपाठात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असा क्रम बसला. मात्र मूल्याला नाव मिळालं तसं ते पाठ करता येऊ लागलं, आणि पाठ झालेलं शिकलेलं धरलं गेलं.

मूल्यशिक्षणाच्या विचाराला पुढे वळण मिळालं तेही याच भागातल्या एका संकटानंतरच्या कामातून आलेल्या माणसांकडून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर गावं झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. त्याच मुथ्थांनी 2009 साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांतून ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं. उपदेश कमी करायचा, मुलांना जोडीत-गटात बसवून बोलू द्यायचं, निर्णय घेऊ द्यायचे आणि आधार संविधानातल्या मूल्यांचा घ्यायचा, अशी त्याची रीत. यादीकडून कृतीकडे आलेलं हे पाऊल मला मोलाचं वाटतं.

यापुढचं पाऊल येळवशीच्या शेतात आहे. आदल्या दिवशी ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील मुरत ठेवतात. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, चिंच आणि बेसन घालून भज्जी शिजते. सोबत बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, खीर. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा होते. मग कुणीतरी आंबील घेऊन उभ्या पिकात शिंपडत फेरी मारतं आणि हे काम बहुतेक पोरांकडेच येतं. पायाखाली हरभरा तुडवला जाऊ नये म्हणून ते पोर पाऊल जपून टाकतं. नंतर बांधावरून जाणाऱ्या ओळखी-अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवायचं. आमंत्रण लागत नाही.

या दिवशी मुलाला भूमिका असते, ती बिघडली तर भज्जी करपते, पीक तुडवलं जातं, पाहुणा उपाशी जातो. श्रमप्रतिष्ठेची परीक्षा याहून वेगळी कोणती? बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणात कायक आणि दासोह यांची जोड सांगितली, कष्टाने मिळवा आणि वाटून खा. ते कल्याण, म्हणजे बिदरकडचं बसवकल्याण, इथून फार लांब नाही. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये आजही सगळे एका पंगतीत बसतात. शाळेला उदाहरणं शोधायला दूर जायला नको.

तरी एक प्रश्न टाळता येत नाही: शेत कुणाचं? ज्याच्या घरी जमीन आहे ते पोर यजमान, ज्याच्या घरी नाही ते पाहुणं. कुणी कुठे बसायचं हेही गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेलं. नुसता सण शाळेत आणला तर ही उतरंडही सोबत येईल. म्हणून शाळेची स्वतःची परसबाग हवी. पोषण आहारासाठी अनेक शाळांत ती आहेच. तिथे वाफे सगळ्यांचे, आंबील सगळ्यांनी करायची आणि यजमानपण आळीपाळीने प्रत्येकाकडे यायचं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत. त्यातले दोन-तीन पेरणी, पोळा, येळवस यांना देता येतील. लातूरच्या शिकवणीवर्गांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या, अकरावी-बारावीच्या मुलांच्या वाट्याला तेही येत नाहीत, आणि त्यांच्या पालकांनी ते मागायला हवं.

दिवाळीच्या सुमारास कंधार, मुखेड, लोहा, जळकोट भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. येळवशीला ती परमुलखात, दुसऱ्याच्या फडात असतात. त्यांची जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेच्या येळवशीची सुरुवात करायची तर मी त्या वसतिगृहापासून करीन. कडबा गावातून मिळतो, ज्वारीचं पीठ आणि ताकही मिळतं, आणि गावातल्या लोकांना जेवायला हाक मारायचा मान त्या दिवशी त्या मुलांकडे द्यायचा.